शिंदी दारूत मोडत नाही

केवळा गेली ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

मी व्यंकटच्या मळ्यात विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत बाजेवर झोपलो होतो. व्यंकट खाली पोत्यावर होता. व्यंकट माझा शाळेपासूनचा दोस्त. आमच्या मुदखेडला त्याचा मोगऱ्याचा मळा आहे. उन्हाळ्यात मोगऱ्याचा बहर असतो आणि ऊन चढायच्या आत फूल तोडून नांदेडच्या बाजारात पोचवावं लागतं, म्हणून त्याची बायको तुळजावहिनी तांबडं फुटायलाच मळ्यात येतात. त्या दिवशीही आल्या. पण त्यांनी फुलांसाठी ओटी बांधलेली नव्हती. त्यांनी माझा खांदा धरून हलवला. एरवी त्या माझ्याशी चार हात लांबून बोलायच्या.

"भाऊजी, उठा. लातूरहून फोन आलाय. केवळाबाई गेल्या."

मी विचारलं, कुठं गेली. वहिनींनी खुंटीवरचा सदरा काढून माझ्या हातात दिला. मग मला समजलं.

केवळा आठवडाभर लातूरला लुंबिनीकडे होती. लुंबिनी आमची एकुलती एक लेक, तिथं एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे, खोली करून राहते. तिच्या गल्लीत नळ येत नव्हते. सकाळी टँकर आला तेव्हा लुंबिनी ड्युटीवर होती. केवळा घागर घेऊन रांगेत उभी राहिली आणि उन्हानं तिथंच पडली. लोकांनी दवाखान्यात नेलं. दुपार टळायच्या आत सगळं संपलं होतं.

लुंबिनीनं मला किती वेळा फोन केले ते मी नंतर पाहिलं. फोन माझ्या सदऱ्यात होता आणि सदरा खोलीतल्या खुंटीला. आधी वाजत राहिला असेल, मग बॅटरी संपली. शेजारच्यांनी माझ्या घराचं कुलूप पाहिलं, स्टेशनवर पाहिलं, गुत्त्यावर पाहिलं. मळ्यात बघावं असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. पहाटे कुणीतरी वहिनींना विचारलं आणि त्या तशाच निघून आल्या.

मी नांदेडला येऊन लातूरची गाडी धरली. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. मी उभा होतो, बसायला जागा होती तरी उभा होतो. उतरून लुंबिनीच्या गल्लीत शिरलो तर माणसं स्मशानातून परत येत होती, डोक्याला ओले रुमाल बांधून. नात्यातला एकजण म्हणाला, थांबलो होतो साहेबराव, पण ऊन पाहा. बर्फ कितीदा आणायचा. मी म्हणालो, बरोबर केलंत. दुसरं काय म्हणणार.

अग्नी लुंबिनीनं दिला होता. ती खोलीत भिंतीला टेकून बसली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि एकच विचारलं.

"बाबा, पिलेले होता का?"

खोलीत पाहुणे होते. बायका रडायच्या थांबल्या. मी म्हणालो, "न्हाई गं बाई. दारूला हात लावला नव्हता. ऊन लागलं होतं म्हणून व्यंकटनं जराशी शिंदी दिली. त्यानं झोप लागली."

एक म्हातारे पाहुणे होते, देगलूरकडचे. ते लगेच म्हणाले की शिंदी म्हणजे काय दारू आहे का, झाडाचं पाणी ते, आमच्याकडं उन्हाळ्यात लेकराबाळांना देतात, थंड असते. दोघातिघांनी माना डोलावल्या. लुंबिनीनं तोंड भिंतीकडं वळवलं. मला मात्र त्या म्हाताऱ्याचा हात धरावासा वाटला, इतकं बरं वाटलं.

शिंदी जराशी नव्हती. सकाळपासून कॅन चालू होता. आणि आता झाडाची शिंदी असते कुठं? दुकानात मिळते ती पाण्यात गुंगीची पावडर कालवलेली. पिलं की माणूस दगडासारखा पडतो. हे मला माहीत होतं, व्यंकटला माहीत होतं. पण त्याआधी आठवडाभर मी खरंच दारू पिलो नव्हतो. केवळा लातूरला जाताना तिनं माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं, ती येईपर्यंत पिणार नाही म्हणून. मी तो शब्द पाळत होतो. शिंदी पिऊन पाळत होतो.

जलदान विधीला भंतेजींनी पंचशील दिलं. सुरामेरयाची, म्हणजे नशा न करण्याची, ओळ आली तेव्हा सगळ्यांबरोबर मीही म्हणालो. लुंबिनी वळून माझ्याकडं पाहत राहिली. मी आवाज कमी केला नाही.

विधी झाल्यावर लुंबिनीनंच मला लातूरच्या व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. ती म्हणाली, आई होती तोवर आईनं सांभाळलं, मला ते जमणार नाही, तुम्ही तरी सुधरा. मी गेलो. जायला नको असं मला वाटलंच नाही, कुणी कुठंही ठेवलं असतं तरी गेलो असतो. तिथं माणिकप्पा भेटला. नांदेडचा, एस.टी.त कंडक्टर होता, आता निवृत्त. तो स्वतः लई वर्षं पिऊन नंतर सुटलेला. केंद्रात येऊन आमच्यासारख्यांशी बोलायचा. पहिल्या दिवशी त्यानं मला विचारलं, काय करता? मी म्हणालो, शाळेत शिपाई आहे. तो म्हणाला, मग घंटा वाजली की उठायची सवय आहे, निम्मं काम झालं. मला त्याचा राग आला होता.

केंद्रातून सुटल्यावर मी नांदेडच्या मीटिंगला जायला लागलो. एका शाळेची खोली आहे, संध्याकाळी तिथं दहा-पंधरा जण जमतात. चहा असतो. प्रत्येकानं उठून आपलं नाव सांगायचं, आपण दारुडे आहोत हे सांगायचं, आणि शेवटचं कधी पिलो ते सांगायचं. आयुष्यभराचं वचन कुणी मागत नाही. आज प्यायची नाही, एवढंच. उद्याचं उद्या.

शेवटचं कधी पिलो ते सांगायची पाळी आली तेव्हा मी केवळा लातूरला गेली त्याच्या आदल्या दिवसाची तारीख सांगितली. ती दारूची तारीख होती. शिंदीचं बोललो नाही. माणिकप्पानं ती तारीख लक्षात ठेवली. इथं त्या तारखेला वर्ष झालं की वाढदिवस करतात, केक आणतात, एक बिल्ला देतात. तो बिल्ला घरच्या माणसानं द्यायचा असतो.

पावसाळा गेला, हिवाळा गेला, मी प्यायलो नाही. लोक म्हणत, केवळाबाई असती तर किती खूश झाली असती. हे वाक्य मी कितीदा ऐकलं असेल. ती असती तर मी सुटलोच नसतो, हे कुणाला सांगायचं? ती होती तेव्हा मी सुटलो नाही. ती जेवायला थांबायची, मी यायचो नाही. ती मेली तेव्हा सुटलो. माझी दारू सोडवायला तिला मरावं लागलं.

मग उन्हाळा आला.

शाळा चालू असली की माझा दिवस भरलेला असतो. कुलूप काढा, झाडा, पाणी भरा, सायबांचा चहा आणा. मे महिन्यात शाळा बंद. घरात मी एकटा. पत्रे तापतात, कूलरला पाणी नाही, बाहेर कुत्रं दिसत नाही. आणि याच वेळेला मी पूर्वी व्यंकटच्या मळ्यात जायचो. अंगाला ती वेळ ठाऊक आहे. ती वेळ झाली की जीभ कोरडी पडते आणि पाण्यानं भागत नाही.

माणिकप्पाला हे मी सांगितलं होतं. तेव्हापासून तो रोज दुपारी फोन करायचा. जेवला का विचारायचा. भाकरी खाल्ली म्हणालो की कशासोबत ते विचारायचा. कुणाशी भांडण झालं का, झोप झाली का, एकटाच आहेस का. एकदा मी वैतागून म्हणालो की बायकोनं एवढी चौकशी केली नाही. तो म्हणाला, "केली असंल. तू शुद्धीत नव्हता." आणि हसला. मग मीही हसलो. तो उन्हाळा असाच जात होता, एकेक दुपार. जमलंच नाही तर नांदेडची गाडी पकड आणि माझ्या घरी ये, असंही त्यानं सांगून ठेवलं होतं. दोनदा गेलो. त्याची बायको काही न विचारता ताक द्यायची.

व्यंकटकडं मी वर्षभर गेलो नव्हतो. माणिकप्पानंच सांगितलं होतं, जुन्या जागा आणि जुने दोस्त सोड. खरं तर मला ते सोयीचं झालं होतं. त्या खोलीकडं पाहायची मला इच्छा नव्हती. व्यंकटला रस्त्यात पाहिलं की मी वळायचो. त्यानं एकदा हाक मारली, मी ऐकली नाही असं केलं.

एका सकाळी तुळजावहिनी घरी आल्या. मोगरा बाजारात घालून परत येताना. हाताला, लुगड्याला वास होता. बसा म्हणालो तर उंबऱ्यातच बसल्या. आधी इकडचं तिकडचं बोलल्या. लुंबिनीचं लग्न कधी, पाणी येतंय का. मग म्हणाल्या की त्या दिवसापासून व्यंकटनंही दारू सोडली. केवळाबाईंचं झालं त्याची त्याला धास्ती बसली, आपल्यामुळं झालं म्हणायचा. मला हे माहीत नव्हतं. वर्षभर मी त्याला मनातून शिव्या देत होतो.

"सिरफ शिंदी घेतो," वहिनी म्हणाल्या. "मीच आणून देते दुकानातून. बाहेर जायला नको अन् दोस्त भेटायला नको. पण भाऊजी, आता सकाळी हात कापतेत त्याचे. दुपारी झोपला तर उठत न्हाई. परवा मोगऱ्यात पडला. आणली न्हाई तर घाम येतो, बडबड करतो. मग मला भेव वाटतं अन् मी जाऊन आणते."

मी विचारलं, डॉक्टरला दाखवलं का. त्या म्हणाल्या, डॉक्टर दारू पितो का विचारतो, आम्ही न्हाई म्हणतो. आणि मग त्या जे बोलायला आल्या होत्या ते बोलल्या.

"तुम्हाला इचारावं म्हणलं. तुम्ही लातूरला समद्यासमोर म्हणला होता न्हवं, शिंदी दारूत मोडत न्हाई म्हणून, पाहुण्यांकडून कळलं आम्हाला. आमचे हे तेच म्हणून राहिले. साहेबराव शिंदी पिऊन दारूतून सुटला, मी पण सुटतो म्हणतेत. तवा म्हणलं, किती दिवस पाजावी लागंल? तुम्हाला किती दिवस लागले?"

मी काय करायला हवं होतं ते मला त्याच क्षणी कळलं होतं. एक वाक्य होतं. वहिनी, शिंदी ही दारूच आहे, आणि आजची शिंदी दारूहून वाईट, आज त्याला नांदेडला घेऊन चला. एवढंच. पण ते म्हटलं तर पुढचं येतं. मग तुम्ही त्या दिवशी पिलेले होता. मग लेकीला खोटं बोललात. मग मीटिंगमधली तारीख खोटी. आणि पुढच्या आठवड्यात माझा वाढदिवस होता. लुंबिनीनं सुट्टी टाकली होती. तिनं फोनवर विचारलं होतं, मला तिथं काही बोलावं लागेल का बाबा? वर्षभरात पहिल्यांदा ती माझ्याशी असं बोलली होती. बिल्ला तीच देणार होती.

मी वहिनींना म्हणालो, "हळूहळू कमी करा. ऊन लई हाय. एकदम बंद नका करू."

त्या उठल्या. म्हणाल्या, तुम्ही म्हणता तर तसं करते. ओटीतली थोडी फुलं काढून केवळाच्या फोटोपुढं ठेवली आणि गेल्या.

त्या दुपारी माणिकप्पाचा फोन आला. जेवला का? जेवलो. कुणाशी भांडण? नाही. मग आवाज असा का? मी म्हणालो, ऊन. तो म्हणाला, केक कसला सांगायचा, तुला अंडं चालतं ना? मी चालतं म्हणालो.

चार-पाच दिवस गेले असतील. मी रोज ठरवायचो की आज मळ्यात जाऊन सांगतो. सकाळी वाटायचं वहिनी फुलं तोडत असतील, कामात असतील. दुपारी ऊन असायचं. संध्याकाळी मीटिंगला जायची गाडी असायची. मीटिंगमध्ये उठून मी नाव सांगायचो, तीच तारीख सांगायचो, खाली बसायचो. लोक टाळ्या वाजवायचे.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी सकाळी शेजारच्यानं सांगितलं, व्यंकटला नांदेडला नेलंय. झटके आले म्हणे. तोंडाला फेस, जीभ चावलेली.

मी गेलो. सरकारी दवाखान्यात जनरल वॉर्डात होता. हातपाय खाटेला पट्ट्यांनी बांधले होते. डोळे उघडे होते पण मला ओळखलं नाही. हवेत हात मारायचा प्रयत्न करत होता, जसं फूल तोडतात तसं बोटं करत होता. वहिनी खाली फरशीवर बसल्या होत्या. पंखा फिरत होता, वारा लागत नव्हता.

त्यांनी सांगितलं की दोन दिवसांपूर्वी दुकान बंद झालं, धाड पडली होती. कॅन मिळाला नाही. त्यांनी म्हटलं, चला बरं झालं, आपोआप सुटेल. पहिला दिवस चिडचिड केली. दुसऱ्या दिवशी पहाटे पडला. डॉक्टरनं विचारलं काय पितो, तर त्या म्हणाल्या काहीच नाही, दारू सोडून वर्ष झालं. डॉक्टर म्हणे मिरगी असेल, डोक्याचा फोटो काढू.

म्हणजे त्या अजूनही नाही म्हणत होत्या. आणि त्यांना त्यात खोटं वाटत नव्हतं.

मी आधी डॉक्टरकडं गेलो. पोरगेलासा डॉक्टर होता, रात्रीचा जागलेला. मी सांगितलं की हा माणूस वर्षभर रोज शिंदी पितोय, दुकानातली. त्यानं पेन थांबवलं. आधी का नाही सांगितलं म्हणाला. मग नर्सला हाक मारून औषध बदललं. तो मला रागावला नाही, त्याला वेळ नव्हता.

मग मी येऊन वहिनींजवळ खाली बसलो. थोडं लांब. पण ऐकू जाईल इतक्या जवळ.

"वहिनी, शिंदी दारूच असती. मला तवाबी ठाऊक होतं. त्या दिवशी मी पिऊन पडलो होतो. ऊनबीन काही न्हाई. लातूरला मी खोटं बोललो."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"मग मीच पाजली की त्यांना," त्या म्हणाल्या. "हातानं आणून."

"न्हाई वहिनी. माझ्या बोलण्यावर पाजली."

"ते खरंय," त्या म्हणाल्या. पलीकडच्या खाटेवर कुणी तरी कण्हत होतं. मग त्या म्हणाल्या, "पण भाऊजी, लातूरचं जाऊ द्या. तवा तुमच्यावर आभाळ पडलं होतं, माणूस काहीबी बोलतो. मी घरी इचाराया आले होते. तवा काय झालं होतं तुम्हाला?"

बिल्ल्याचं मी त्यांना सांगू शकलो असतो. पण नवरा बांधून ठेवलेल्या बाईला काय सांगणार, की मला एक बिल्ला मिळणार होता.

बाहेर येऊन मी माणिकप्पाला फोन लावला. दुपारची तीच वेळ होती. दवाखान्यासमोरच्या रस्त्याला थोडं पुढं एक बार आहे, पाटी दिसत होती. मला प्यायची होती. वर्षभरात इतकी कधी वाटली नव्हती. माणिकप्पाला म्हणालो, मला प्यावं वाटतंय आणि माझी तारीख खोटी आहे. तो म्हणाला, आधी सावलीला हो, मग सांग. मी एका औषधाच्या दुकानाच्या पत्र्याखाली उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. मळा, कॅन, लुंबिनी, देगलूरचा म्हातारा, वहिनी. माझं संपल्यावर म्हणाला, "तिथंच थांब. मी येतो."

तो रिक्षानं आला. डोक्याला टॉवेल गुंडाळून, हातात पाण्याची बाटली. मला आधी पाणी पाजलं. मग म्हणाला, मला वाटलंच होतं तुझ्या तारखेत काहीतरी आहे. मी विचारलं, कसं काय. तो म्हणाला, केवळाबाई गेली त्या दिवशी तू कुठं होतास ते तू वर्षभरात एकदाही मीटिंगमध्ये बोलला नाहीस. बाकी सगळं बोललास. शाळेच्या घंटेचंसुद्धा बोललास. मग विचारलं का नाही, मी म्हणालो. तो म्हणाला, विचारून सांगितलेलं तुझ्या काय कामाचं.

मी म्हणालो, मग आता सगळं गेलं का? वर्ष गेलं? तो म्हणाला, वर्ष कुठं जातंय, आठवडाभर पुढं सरकलं. उद्याचा केक रद्द करतो, दुकानदार ओळखीचा आहे, बोंब मारेल पण ऐकेल. तुझा दिवस आता तू लातूरला पोचलास तो. त्या दिवसापासून तू काही पिलेला नाहीस ना? मी म्हणालो, नाही. शिंदी, ताडी, खोकल्याचं औषध? नाही. मग तोच दिवस, तो म्हणाला.

केवळाच्या चितेचा दिवस. दरवर्षी त्या दिवशी लोक मला केक देणार.

त्या संध्याकाळी मीटिंगमध्ये मी उठलो आणि बरोबर तारीख सांगितली, का बदलली तेही सांगितलं. टाळ्या वाजल्या नाहीत. एक जण, रेल्वेतला, म्हणाला की आमच्या गावाकडंही सगळे हेच म्हणतात, शिंदी थंड असते. दुसरा म्हणाला, बियरला पण हेच म्हणतात. थोडं हसले लोक. मी खाली बसलो. हलकं वगैरे काही वाटलं नाही. व्यंकटचे हात डोळ्यापुढं होते.

व्यंकट वाचला. चार दिवसांनी शुद्धीवर आला, पाचव्या दिवशी घरी सोडला. जीभ चावल्यामुळं बोलणं अजून बोबडं आहे. मला पाहून म्हणाला, "साहेब्या, तू मला दारू सोडायचं चांगलं औषध सांगितलंस रे." तो चेष्टा करत होता की टोमणा मारत होता ते मला कळलं नाही. मी त्याच्या पायाशी बसून राहिलो. काल तो माझ्यासोबत मीटिंगला आला. वहिनी दारापर्यंत सोडायला आल्या. माणिकप्पानं त्याला चहा दिला आणि विचारलं, काय करता? मोगरा, व्यंकट म्हणाला. माणिकप्पा म्हणाला, मग पहाटे उठायची सवय आहे. पुढचं मला पाठ होतं. व्यंकट मागच्या खुर्चीवर बसला, उठून बोलला नाही, पण शेवटपर्यंत बसला.

वहिनी माझ्याशी बोलतात. पूर्वीसारख्या चार हात लांबून. फुलं मात्र आणून देत नाहीत.

लुंबिनीला मी त्याच दिवशी दवाखान्यातून फोन केला होता. म्हणालो, बाई, उद्याचा कार्यक्रम पुढं ढकललाय. तिनं विचारलं का. माणिकप्पा माझ्या शेजारीच उभा होता. मी म्हणालो, व्यंकटकाका आजारी आहे. ते खोटं नव्हतं. ती म्हणाली, बरं, मग आईच्या पुण्यस्मरणाला तुम्ही लातूरला याच, त्यानंतर मी तुमच्यासोबत नांदेडला येते, बिल्ला देते. आणि म्हणाली, बाबा, उन्हाचं डोक्याला बांधून फिरत जा. माणिकप्पानं माझ्याकडं पाहिलं आणि दुसरीकडं तोंड केलं. तो म्हणाला, मी तुझ्या लेकीला सांगणार नाही. ते तुझं आहे.

आता पुण्यस्मरण दोन दिवसांवर आलंय. मी लातूरला जाणार आहे. भंतेजी येतील, पाहुणे येतील, देगलूरचे म्हातारेही येतील. त्याच्या आधी तिला सांगायचं असं मी रोज ठरवतो. फोनवर सांगायचं नाही, समोर बसून सांगायचं, असंही ठरवलंय. कधी कधी वाटतं, फोनवर न सांगण्याचं हे कारणसुद्धा मीच शोधून काढलेलं आहे.

माझी वाट पाहत ती आईसाठी बर्फ आणत होती तेव्हा मी पिऊन पडलो होतो, हे लुंबिनीला मी अजून सांगितलेलं नाही.